छपरावरचं नाक

बाजारात मिळणारं नाक महाग होतं, शिवाय प्लंबरच्या मते नुसतंच दिखाऊ. गाडी पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून बॉनेटच्या बाजूने छपरापर्यंत चढवलेली नळी, एवढंच तर ते. "आयुष्यभर लोकांच्या न्हाणीघरांत मी दुसरं काय केलं?" असं लेकीला ऐकवत त्याने घरामागच्या ढिगातून सांडपाण्याचा एक काळा पाइप उपसून काढला.

लेक जनावरांची डॉक्टर होती. नदीपलीकडची गावं तिच्याकडे होती आणि तिकडचा रस्ता असा, की साधी गाडी पोटावर टेकायची. म्हणून तिने एक म्हातारी डिझेल जीप घेतली आणि बापाला जणू नवी नोकरीच लागली. त्याने स्प्रिंगांखाली लोखंडी ठोकळे घालून गाडी चार बोटं उचलली, मोडक्या खाटेच्या चौकटीतून छपरावर सामानाचा पिंजरा केला, चिखलात चाकाखाली सरकवायला गटारावरच्या जाळ्या कापून ठेवल्या. बायको म्हणायची, "आता हिला एक नळ तेवढा बसवा, म्हणजे मी भांडीही हिच्यापाशीच घासते."

नाक मात्र त्याने जीव ओतून केलं. बॉनेटशेजारच्या पत्र्याला भोक पाडून पाइप आत घेतला, आत एक बाक, छपरापाशी दुसरा बाक, आणि प्रत्येक सांध्याला घरच्या कामाला लावतो त्याच्या दुप्पट सोल्युशन. "हे एकदा धरलं की धरलं," तो लेकीला समजावत होता. "मग सांधा उघडत नाही. कापावाच लागतो."

मग परीक्षा झाली. लेकीने इंजिन चालू केलं. तो स्टुलावर चढला आणि नाकाच्या तोंडावर तळहात दाबून धरला. हवा कुठून चोरून येत नसेल तर इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. पाइपने त्याचा तळहात आत ओढला, गाडी दोनदा थरथरली आणि गप्प झाली.

"मारलीस की तिला, बाबा," लेक आतून हसत म्हणाली.

"मेली म्हणजे सांधा पक्का. जा आता, डॉक्टरीणबाई. तुमच्या गाडीचं नाक छपरावर आहे. पाण्याला भ्यायचं नाही."

हे शेवटचं वाक्य आपण बोललो नसतो तर, असं त्याला पुढे दिवसातून शंभरदा वाटायचं.

त्या दिवशी ती एका अडलेल्या गाईला मोकळं करून परत येत होती. नदीवरचा पूल बुटका, बिनकठड्याचा. वरच्या धरणाचं पाणी सोडलेलं, त्यामुळे चारच्या सुमारास पुलावरून गुडघाभर धार वाहत होती. अलीकडच्या काठावर थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्याने दोन्ही हात हलवून तिला नको म्हणून सांगितलं. तिने हसून छपराकडे बोट दाखवलं आणि गाडी पाण्यात घातली. चार वाजून दहा मिनिटांनी गाडी पुलावरून सरकली, असं त्याने नंतर सांगितलं.

जीप नदीच्या दुसऱ्या वळणावर झाडाला अडकलेली सापडली, सरळ उभी. पाणी छपराच्या चार बोटं खाली होतं. लोक पोहोचले तेव्हा इंजिन चालू होतं. लेक सीटवर होती, पट्टा तसाच लावलेला.

प्लंबरला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्याच्या मेकॅनिक मित्राने इंजिन उतरवून आपल्या गॅरेजात नेलं, उघडलं आणि धीर द्यावा म्हणून सांगितलं, "आत थेंब नाही रे. तुझा सांधा एक नंबर." प्लंबर घरी येऊन पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. सांधा कच्चा असता तर इंजिन पुलाच्या तोंडाशीच बंद पडलं असतं. बापाच्या नावाने बोटं मोडत ती मागे चालत आली असती.

इंजिनाविना जीप पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. बायकोला ती डोळ्यांसमोर नको होती. भंगारवाल्याला सांगून झालं होतं, महिनाअखेरीला तो येणार होता. तोवर प्लंबर रोज दुपारी जीपजवळ जाऊन बसे. काम असं काही नव्हतं. कधी जाळ्या पुसून ठेवी, कधी पिंजऱ्याचे बोल्ट आवळी.

नाकाच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. एका दुपारी ते आत गेलेलं त्याला दिसलं. मग बाहेर आलं. मग पुन्हा आत गेलं. वारा असेल, असं म्हणून त्याने मान वळवली. दारावर वाळत घातलेला रुमाल मात्र जागचा हलत नव्हता.

गळती डोळ्यांना दिसत नसेल तर साबणाचा फेस लावायचा, ही त्याची धंद्यातली सवय. त्याने जाळं काढलं आणि पाइपच्या तोंडावर साबणपाण्याचा पातळ पडदा ओढला. पडदा फुगला, फुटला नाही, आत गेला, पुन्हा फुगला. त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहून मोजलं. मिनिटाला सोळा.

खालचं टोक इंजिनाच्या रिकाम्या जागेत उघडंच होतं, तिथून वारा शिरत असणार. त्याने तिथे टोपण बसवलं, सोल्युशन लावून, नीट फिरवून, आणि दिवसभर सुकू दिलं. एका टोकाला बंद केलेला पाइप म्हणजे बाटली. बाटली हवा घेत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्या दुपारी पडदा आत गेला, बाहेर आला. मिनिटाला सोळा.

तो घड्याळ धरून बसून राहिला. चार वाजेपर्यंत सोळाच होते. चार वाजून पाच मिनिटांनी चोवीस झाले, आठ मिनिटांनी चाळीस, मग मोजता येईनात. चार वाजून दहा मिनिटांनी पडदा आत खेचला गेला आणि तिथेच थांबला.

दोन मिनिटं चाळीस सेकंद.

मग एक लांब, थरथरता श्वास बाहेर आला आणि हळूहळू पुन्हा सोळा झाले.

दुसऱ्या दिवशी हेच झालं, तिसऱ्याही दिवशी. सेकंदाचा फरक नाही. तो तिच्याबरोबर श्वास रोखून पाहायचा. त्याला एका मिनिटापुढे जमायचं नाही.

चौथ्या दिवशी बायको चहा घेऊन शेडमध्ये आली आणि तो स्टुलावर चढून पाइपला कान लावून उभा असलेला तिने पाहिला. त्याने जागा करून दिली. ती वर चढली, तोंडाशी गाल नेला आणि बराच वेळ तशीच राहिली. चहावर साय धरली.

"ताप आला की असाच श्वास घ्यायची," ती म्हणाली. "थोडी घरघर, मग सरळ."

"मी टोपण लावलंय गं खाली. आत काहीच नाही."

"कळलं." ती सावकाश खाली उतरली. "गाडी जायची तर जाऊ दे. हिला घरात आणा."

कित्येक आठवड्यांनी त्या दिवशी दोघं एकत्र जेवायला बसली. लेकीच्या खोलीत खिडकीशेजारी पाइप भिंतीला कसा टेकवायचा, क्लॅम्प किती लागतील, यावर दोघांची थोडी वादावादीही झाली. त्याला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं होतं.

पाइप काढायचा तर आतला बाक पत्र्याच्या भोकातून बाहेर येत नव्हता, आणि सांधा काही उघडणार नव्हता. म्हणजे भोकाच्या वरच पाइप कापायचा आणि कापल्या टोकावर लगेच नवं टोपण घालायचं. चालू लायनीवर असं काम त्याने हजारदा केलं होतं. प्रश्न एवढाच, की मधल्या क्षणात तिची हवा तुटायला नको. दोन दिवस त्याने डोकं खाजवलं, आणि उत्तर सापडलं तेव्हा त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. चार वाजून दहा मिनिटांनी ती श्वास रोखते. तेव्हा तिला हवा लागतच नाही. कापायला चाळीस सेकंद, टोपणाला दहा. हातात वेळच वेळ होता.

भंगारवाला पाचला येणार होता. चार वाजता त्याने पाइप धरणारे क्लॅम्प सैल केले, नव्या टोपणाला आतून सोल्युशन फासलं आणि करवत घेतली. बायको स्टुलावर उभी राहिली, एका हाताने पाइप धरून, दुसऱ्या हातात त्याचं घड्याळ. पडद्यावर तिची नजर होती.

"वाढले," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "थांबला."

करवत चालू झाली. काळा भुसा त्याच्या चपलांवर पडत राहिला. हात स्थिर होता.

पाइप तुटला.

वरच्या तुकड्यातून पाणी आलं.

गढूळ होतं, गार होतं. आधी करंगळीएवढी धार, मग पाइपभर.

त्याने टोपण दाबलं. ओल्या पाइपला सोल्युशन धरत नाही, हे त्याला धंद्याच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टोपण निसटलं. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा निसटलं.

त्याने तळहात लावला. बोटांच्या फटींतून पाणी येतच राहिलं, मनगटावरून कोपराकडे. त्यात बारीक वाळू होती.

"किती झालं?"

"दोन मिनिटं."

तो खांद्याने भार देऊन दाबत राहिला.

"दोन चाळीस," बायको म्हणाली.

पडदा हलला नाही.

"तीन."

पाइपने त्याचा तळहात आत ओढला. मग पाइप दोनदा थरथरला.

पाणी थांबलं.

बाहेर भंगारवाल्याचा हॉर्न वाजला. तो लवकर आला होता. दोघांपैकी कुणीच हललं नाही.

"अहो," बायकोने विचारलं, "सांधा पक्का होता ना?"

"होता," तो म्हणाला.

नाकाच्या तोंडावर साबणाचा पडदा अजून न फुटता ताणलेला होता, अगदी सपाट. तिने घड्याळावरची नजर काढली नाही.

"साडेतीन," ती म्हणाली.