माणसं दोन

बाबांना खाली आणायचं, एवढंच काम होतं. उत्तरेच्या जंगलात लाकूडतोडीचा तळ आहे. हंगाम संपून सगळे उतरले होते आणि आवराआवर करायला बाबा आणि आचारीकाका दोघेच मागे राहिले होते. बाबांच्या पायाला करवत लागली होती. जखम चिघळेपर्यंत त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेवटी ताप चढून ते बरळायला लागले तेव्हा आचारीकाकांनीच निरोप पाठवला. दुखणं लपवण्यात या मोठ्या माणसांना कसला पुरुषार्थ वाटतो, देव जाणे.

मामानं गाडी दिली, पण आधी माझं डोकं खाल्लं. रस्ता एकेरी आहे, लाकडाचे ट्रक उतारावर थांबू शकत नाहीत. म्हणून प्रत्येक किलोमीटरच्या पाटीपाशी वायरलेसवर बोलायचं: पाटीचा आकडा, वर की खाली, गाडी कसली, माणसं किती. माणसं कशाला मोजायची, असं मी विचारलं. मामा काच पुसत होता.

"गाडी दरीत गेली तर किती जणांना शोधायचं, हे कळायला नको?"

मी म्हटलं, बरं, निघू दे आता. बर्फ सुरू झाला की लहान गाड्यांना रस्ता बंद होणार होता आणि बाबांचा पाय काही थांबणार नव्हता.

पहिल्या काही पाट्यांना मी शहाण्यासारखी बोलले. कुणी उत्तर देईना. दोन्ही बाजूंना काळीकुट्ट सरळसोट झाडं, राळेचा उग्र वास, आणि एकही पक्षी नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटायला लागलं, तशी मी पाट्या गाळायला लागले. मग मी गाळलेल्या पाटीपाशी वायरलेसवर दुसरंच कुणीतरी बोलू लागलं. वयस्क, सावकाश आवाज.

"सव्वीस. वर. लहान गाडी. माणूस एक."

मागून येणारा कुणी ट्रकवाला असावा, टोमणा मारतोय, असं वाटलं. जिथं जावं तिथं शिकवायला कुणीतरी हजर. आरशात पाहिलं. मागे रस्ता रिकामा होता.

तळावर पोचले तेव्हा दुपारीच अंधारून आलं होतं. बाबांचा चेहरा मेणासारखा झाला होता आणि पायाला वास येत होता. काकांनी आणि मी त्यांना उचलून मागच्या सीटवर निजवलं. काकांना म्हटलं, तुम्हीही चला. त्यांनी मान हलवली. शेगडी विझली तर पाण्याचे नळ गोठून फुटतील, रात्रीत ते रिकामे करतो, उद्या सकाळी ट्रक येणारच आहे, मग उतरतो, म्हणाले. लोकरी सपाता घालून पायरीवर उभे राहिले आणि वळण येईपर्यंत हात हलवत होते.

पहिल्या पाटीला आकडा सांगून मी बोलले, "खाली. लहान गाडी. माणसं दोन."

वायरलेस खरखरला. "माणूस एक."

मी हात मागे नेऊन बाबांच्या छातीवर ठेवला. श्वास चालू होता. पुढच्या पाटीला तेच. त्याच्या पुढच्या पाटीलाही. दर वेळी हात ठेवला की छाती आधीपेक्षा उशिरा वर यायची.

"बाबा, बोलत राहा ना माझ्याशी."

"थंडी वाजते गं…"

मग तेही थांबलं. गाडीच्या दिव्यांत बर्फाचे कण दिसायला लागले. पाटी आली. आवाज अगदी शांतपणे म्हणाला, "एक्केचाळीस. खाली. माणूस एक."

माझं डोकं फिरलं. मी माइक ओढला. "कोण आहे तिकडे? दोन माणसं आहेत गाडीत."

बराच वेळ नुसता कुणाच्या तरी श्वासाचा आवाज. "वरच्या दोघांतला… एकच उतरायचा आहे."

"मग माझे बाबा उतरतील. बाकीचं तुझं तू बघ."

"बरं."

एवढंच. मग तोच सावकाश सूर. "एक्केचाळीस. खाली. लहान गाडी. माणसं दोन."

मागच्या सीटवर बाबांनी बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा मोठा श्वास घेतला.

पाय वाचला. सकाळी वर गेलेल्या ट्रकवाल्यानं आचारीकाकांना खाली आणलं. एक्केचाळीसच्या पाटीला पाठ टेकवून बसलेले सापडले, गोठलेले, पायांत त्याच लोकरी सपाता. तळावर शेगडी अजून धगधगत होती. एवढं अंतर त्या बर्फात कुणी चालू शकत नाही. मामा म्हणाला, एकटेपणानं भ्रमले असतील, गेले असतील चालत. मोठ्यांकडे सगळ्याचं उत्तर असतं. पण कुणी विचारलंच तर सांगेन, पुन्हा वेळ आली तरी मी दोनच म्हणेन.

संध्याकाळी वॉर्डात दिवे लागले तेव्हा बाबांनी मला जवळ बोलावलं.

"तो मधेच का उतरला गं?"

"कोण?"

"आचारी. माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता की. चांगला सोबत येत होता…"

"बाबा, ते गाडीत नव्हते."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. ताप उतरला होता, नजर स्वच्छ होती.

"तूच तर गाडी थांबवलीस. मागे वळून त्याला नावानं हाक मारलीस आणि म्हणालीस, उतर."

मी लहानपणापासून त्यांना आचारीकाकाच म्हणत आले. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.