तेराव्याच्या दानातली छडी

दार लोटून घे, निहारिका. सौमित्र, तो मोबाईल खाली ठेव. ही अनिलची गोष्ट, माझ्या वर्गातल्या. खोटी वाटली तर त्यालाच विचारा, माधव नगरात राहतो अजून.

मागच्या मार्गशीर्षात त्याचे वडील गेले, गोपाळकृष्ण मास्तर. बाराव्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं दानाचं सामान आणायला फ्रीगंजच्या बाजारात गेलो. छत्री, चपला, तांब्या. गेलेल्याला पुढच्या वाटेवर लागतं, म्हणून तेराव्याला गुरुजींना द्यायचं. काठी राहिली होती. अनिल म्हणाला, "काठी नको घेऊ. घरी आहे त्यांची."

होती ती शाळेतली वेताची छडी, करंगळीएवढी. गणित चुकलं की मास्तर अनिलला सगळ्या वर्गासमोर हात पुढे करायला लावायचे. पहिला वळ उठायच्या आत दुसरा. "हीच घेऊन जाऊ देत," अनिल म्हणाला. मी हसलो, खोटं कशाला बोलू. लकव्यानंतर मास्तरांना जाड काठीशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही चांगलं माहीत होतं.

छडी दान झाली. त्याच रात्री पावणेदहाला अनिलच्या घरी, टीव्हीवर बातम्या चालू असताना, जिन्यात आवाज झाला. आधी वेत करकरला. मग धप्प. माणूस पडावा तसा. मग उठायची धडपड.

जिन्यात कुणी नव्हतं.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री मास्तर नऊ वेळा पडले. अनिलची बायको कुसुम कानात बोटं घालून रडत बसली होती. सकाळी अनिल जाड काठी घेऊन राम घाटावर गुरुजींकडे धावला. "ही घ्या, ती परत द्या. पाया पडतो तुमच्या."

गुरुजी म्हणाले, "दिलेलं परत नाही होत, बाबा. त्यांना पोचलं ते."

चौथी रात्र. अमावास्या. त्याने मला बोलावून घेतलं होतं. पावणेदहा झाले.

करकर... धप्प.

मीही ऐकलं.

अनिल जिन्यात गेला. लाइट लावला नाही. "बाबा, चुकलो मी. माझ्यावर टेका."

काही नाही...

मग त्याचा उजवा खांदा खाली गेला.

एकेक पायरी उतरला. रस्त्याला लागला. फ्रीगंजचा पूल... मी दहा पावलं मागे. जवळ जायची हिंमत नव्हती. मध्येच तो थांबायचा. दम घेऊ द्यायचा. कुणाला, ते विचारू नका.

राम घाटावर गुडघाभर पाण्यात गेला. बराच वेळ उभा होता. मग वळला. "गेले," म्हणाला, आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडला. इतका रडताना मी त्याला शाळेतही पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून जिना शांत आहे.

गेल्या महिन्यात तो शर्ट शिवायला टाकायला गेला, मी सोबत होतो. टेलर नवा, ओळखपाळख काही नाही. त्याने टेप लावली, पुन्हा लावली. उजवा खांदा दोन बोटं खाली. म्हणाला, "भाईसाहब, इस कंधे पे किसको लेके चलते हो?"

दुकानातून निघताना मी अनिलच्या उजव्या बाजूला चालायला गेलो. त्याने माझा दंड धरला आणि हळूच मला डावीकडे घेतलं.