अकरा नंबर मागे का?

मावशीच्या मांजरीच्या पंजाला गळू झालं नसतं, तर मी त्या दवाखान्याची पायरी कधी चढलेच नसते. मावशी आमच्याकडेच राहते, आणि तिची ठमीही. ठमी मावशीखेरीज कुणाला अंगाला हात लावू देत नाही, आणि नेमका त्या दिवशी मावशीचा गुडघा धरलेला. त्यामुळे टोपलीत ठमी, टोपलीवर टॉवेल आणि मनगटावर ताजे ओरखडे अशा थाटात मी प्राण्यांच्या दवाखान्यात जाऊन बसले.

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची मॅच लागली होती, आणि कुत्रा घेऊन आलेले एक आजोबा नि पोपट घेऊन आलेल्या एक बाई मिळून कोचचा उद्धार करत होते. त्या दिवसांत जिकडे जावं तिकडे हेच चाललेलं असायचं. मोठी स्पर्धा तोंडावर आली होती आणि नव्या कोचबाईंनी संघ पार उलटापालटा करून टाकला होता. अनुभवी गोलकीपर बाकावर. कॅप्टन मधून उचलून उजवीकडे. आणि कहर म्हणजे अकरा नंबर – संघात सगळ्यांत जास्त गोल करणारी पोरगी – डावीकडे मागे, बचावाला.

"गोल करणारीला मागे उभं करायचं म्हणजे स्वयंपाक्याला दारावर पहाऱ्याला बसवायचं," आजोबा म्हणाले.

मी जोरात मान डोलावली. तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला, "पहाऱ्याला स्वयंपाकी चांगला. कोण भुकेलेला आहे ते त्याला लांबूनच कळतं."

दारात हिरव्या कोटातला एक माणूस हातमोजे काढत उभा होता. असेल तिशीचा. केस विस्कटलेले, डोळ्यांवर चष्मा, खांद्यावर कुणाचे तरी पांढरे केस चिकटलेले. म्हणजे हेच डॉक्टर. त्यांनी मॅचकडे पाहिलं, मग माझ्या टोपलीकडे, आणि मला आत बोलावलं.

ठमी त्यांच्या टेबलावर मुकाट पडून राहिली, याचाच मला राग आला. ते पंजा बघत होते आणि मी बोलत होते. गोल करणं ही देणगी असते, ती अशी कोपऱ्यात वाया घालवायची नसते, या कोचला फक्त स्वतःचं डोकं चालवून दाखवायचंय, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही बॉल बघताय. बॉल नसलेल्या पोरी बघा."

"म्हणजे?"

"आमच्या पेशंटना कुठं दुखतंय ते सांगता येत नाही. त्यामुळे जिथं काहीच चाललेलं नाही, तिथं बघायची मला सवय लागलीय. पूर्वी आपली डावी बाजू सताड उघडी असायची. आता समोरचा संघ तिकडून यायलाच बिचकतो."

मग मी हुकमाचं पान काढलं. "ती अकरा नंबर माझी धाकटी बहीण आहे. सख्खी."

हे सांगितलं की काय होतं ते मला पाठ होतं. शेजारच्या काकूंपासून मी काम करते त्या लॅबच्या मालकीणबाईंपर्यंत सगळे एका क्षणात बाजू बदलायचे. हो का, अरे वा, मग तर कोचचं चुकलंच. मी वाट बघत राहिले. त्यांचा कापूस धरलेला हात हवेतच थांबला. कान लाल झाले. आणि ते हळूच म्हणाले, "मग तर… तुम्हाला सगळ्यांच्या आधी दिसायला हवं होतं. कोच बरोबर आहेत, असंच मला वाटतं."

मी फणकाऱ्याने घरी आले. रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, एकच प्रश्न पडला होता. या माणसाने मत बदललं का नाही? माझं मन राखायला त्याचं काय जात होतं?

पंजाचं ड्रेसिंग बदलायला पुन्हा जावं लागणार होतं. मावशीचा गुडघा तोवर बरा झाला होता. तरी मीच गेले.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, आणि आम्ही लॅबमध्ये मेणात एकेक दात बसवून साचा तयार करतो. काम निवांत, हात गुंतलेले आणि डोकं मोकळं. पूर्वी त्या मोकळ्या डोक्यात गाणी असायची. आता तिथं डॉक्टरांना पुढच्या खेपेला काय सुनवायचं याची तयारी चालायची. एकदा मालकीणबाईंनी माझी कवळी उजेडात धरली आणि विचारलं की ही कवळी घालणारे आजोबा एवढे हसणार आहेत तरी कशाला. मी समोरचे दात पुन्हा बसवले.

दवाखान्यात आमचं भांडण छान रंगायला लागलं. ते औषधाच्या बाटल्या टेबलावर मांडून कुठली खेळाडू कुठे सरकते ते दाखवायचे. कॅप्टन म्हणजे टिंक्चरची बाटली, गोलकीपर म्हणजे कापसाचा डबा. मी बाटल्या उचलून जुन्या जागी ठेवायची. ते पुन्हा सरकवायचे. एकदा दोघांचे हात एकाच बाटलीवर पडले… आणि दोघांनीही ती लगेच सोडली नाही. ठमी आमच्याकडे अशी बघत होती की मलाच लाज वाटली.

पंजा भरून आला. ते म्हणाले, "आता हिला आणायची गरज नाही."

मी टोपलीचं झाकण लावायला लागले. ते लागता लागेना.

"म्हणजे, हिला नाही आणलंत तरी चालेल," ते घाईने म्हणाले. "रविवारी मॅच आहे. इथला टीव्ही… मोठा आहे."

टीव्ही मुळीच मोठा नव्हता. पण मी रविवारी गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही.

अशा एका रविवारी, मॅच संपूनही मी तिथे असतानाच धाकटीचा फोन आला. ती सराव शिबिरात परतली होती. आवाज बसलेला. म्हणाली, ताई, मी शिबिर सोडून घरी येतेय, कोचना उद्या सांगणार आहे. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, तू बाबांना एवढंच सांग की मला मागे खेळायचं नव्हतं. आणि फोन ठेवून दिला.

शाळेच्या मैदानावर फाटके बूट घालून खेळणारी ही पोरगी, आणि आता स्पर्धेच्या तोंडावर सोडून येणार? मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही बोला तिच्याशी, मला जे समजावता ते तिला समजावा. पहिल्यांदाच त्यांनी मला सरळ नाही म्हटलं.

"मैदानात ती उभी असते, मी नाही. मी काय शिकवणार तिला? तुम्हीच तिला विचारा."

"काय विचारू?"

"मागे उभी असताना तिला काय दिसतं, ते."

मला ते फारच भाबडं वाटलं. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पुन्हा फोन लावला आणि विचारलं. मग धाकटी बोलायला लागली आणि थांबेचना. पुढे असताना तिला फक्त गोल दिसायचा, आणि पाठीमागून कोण येतंय याची धास्ती. आता अख्खं मैदान समोर असतं. कोण दमलीय, कोण घाबरलीय, कुठे वाट आहे, सगळं दिसतं. "ताई, मला आवडतंय गं ते," ती म्हणाली आणि रडायला लागली. "आणि बाबा रोज फोनवर म्हणतात, तुझ्यावर अन्याय होतोय. मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की मला इथंच बरं वाटतंय?"

मी फोन ठेवून आत आले तेव्हा डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला.

आमचे बाबा जन्मभर बस चालवत आले. धाकटीच्या प्रत्येक गोलची बातमी त्यांनी आपल्या सीटवरून उतारूंना ऐकवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे सांगायला तेवढंच उरलं होतं. त्यांना हे कसं सांगायचं, या विचारात मी दोन वेळा त्यांच्यासमोर चहा ठेवून परतले. तिसऱ्यांदा बसले आणि सगळं सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "मला वाटलं, मी तिची बाजू घेतोय." मग चष्मा पुसला आणि धाकटीला फोन लावला. मी स्वयंपाकघरात निघून गेले. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पण धाकटी घरी आली नाही.

स्पर्धेआधीची शेवटची मॅच आमच्याच शहरात होती. मी बाबांना घेऊन गेले, आणि डॉक्टरही आले. तिकीट त्यांनी आपलं आपण काढलं होतं, पण खुर्ची नेमकी आमच्याशेजारची. ते कसं जमवलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

ओळख करून दिली तशी बाबांनी त्यांना विचारलं, तुम्हीच ते कोचच्या बाजूचे का? त्यानंतर मॅचभर ते दोघेच भांडत होते. मधे मी. वीसेक मिनिटांत समोरचा संघ धाकटीच्या बाजूनेच घुसला, तिचा पाय घसरला आणि गोल झाला. सगळं स्टेडियम ओरडत होतं, तिला पुढे पाठवा. मला वाटलं बाबा आता डॉक्टरांना फाडून खाणार. पण बाबांचे डोळे धाकटीवरच होते, मुठी गुडघ्यांवर. "माझंही चुकत असेल," डॉक्टर मला हलकेच म्हणाले. मी म्हटलं, "बॉल नसलेल्या पोरी बघा."

दुसऱ्या हाफमध्ये धाकटीने बॉल अडवला आणि मान वर केली. घाई केली नाही. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला कॅप्टन एकटीच मोकळी पळत होती, ते आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तिच्या ध्यानात आलं. तिने लांब पास टाकला, कॅप्टनने गोल केला. सगळ्या कॅप्टनच्या अंगावर जाऊन पडल्या. धाकटी मागेच उभी राहून हसत होती.

मॅच बरोबरीत सुटली. बाहेर पडणारे लोक अजून कोचवरच तावातावाने बोलत होते. बाबा धाकटीला भेटायला कठड्याकडे गेले, आणि रिकाम्या होत चाललेल्या रांगेत आम्ही दोघंच उरलो. पावसाची भुरभुर सुरू झाली होती. उठावंसं दोघांनाही वाटत नव्हतं.

"एक सांगायचंय," मी म्हटलं. "मला पटलं होतं तुमचं. फार पूर्वीच… बाटल्या मांडल्या होत्यात ना, तेव्हाच."

"मग इतके दिवस भांडत का होतात?"

"पटलं म्हणाले असते, तर यायला काय कारण उरलं असतं?"

त्यांनी चष्म्यावरचे थेंब पुसायला चष्मा काढला आणि न पुसताच पुन्हा घातला. काहीतरी जुळवत होते मनात. मॅचबद्दल बोलताना हा माणूस कधी अडखळायचा नाही.

"मला कारण नको होतं," ते म्हणाले. "तू… नुसती आली असतीस तरी चाललं असतं."

तू. पहिल्यांदाच. माझा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. त्याने त्यावर आपला हात ठेवला, आणि मी माझा उलटा करून त्याचा धरला. वादाला विषयच उरला नव्हता, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

बाबा समोर येऊन उभे राहिले तरी हात सोडायचं माझ्या लक्षात आलं नाही. बाबांनी हातांकडे पाहिलं, डॉक्टरकडे पाहिलं, आणि शेजारच्या ओल्या खुर्चीवर टेकत म्हणाले, "पोरीला मधल्या फळीत घालून बघायला हवं. तुमचं काय मत?"