खिडकीजवळची मोकळी खुर्ची

वाचनालय अर्ध्या खुर्च्यांनिशी पुन्हा उघडलं, तेव्हा ती तिथे कामासाठीच गेली होती. साथीच्या काळात वाचक एकमेकांपासून किती लांब बसतात, हा तिच्या संशोधनाचा विषय. वरच्या सज्जात बसायचं, खालच्या वाचनकक्षाचा नकाशा पुढ्यात घ्यायचा आणि माणूस दिसेल तिथे फुली मारायची, एवढंच काम.

फरशीवर पिवळे गोल चिकटवले होते. एकाआड एक खुर्ची फीत बांधून बंद केलेली. परत आलेली पुस्तकं दाराशी एका टेबलावर काही दिवस वेगळी राहत, मगच कपाटात जात. जुना कागद आणि सॅनिटायझर यांचा मिळून एक वास हवेत होता. दवाखान्यात कुणी पुस्तक उघडून ठेवावं तसा.

"पुस्तकांनासुद्धा विलगीकरण," ग्रंथपाल म्हणाली. दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. "आणि सुटून आली की माणसांसारखीच जरा अबोल होतात बघ. पण तुला एवढी कसली घाई होती गं? बसायचंस अजून थोडे दिवस घरी."

"घरच्या खुर्च्या बघत बसण्यापेक्षा इथल्या बऱ्या."

ग्रंथपालने दाराशी परत आलेली पुस्तकं मोजायला घेतली.

तिचा नवरा त्याच साथीत गेला होता. त्याला न्यायला गाडी आली तेव्हा ती जिन्यात होती आणि खालून हात आडवा धरून तो म्हणाला होता, "तिथेच थांब. नियम म्हणजे नियम. तो उठला की मीच येऊन बसतो तुझ्याजवळ." पुढे तो दिसला नाही, कुणी दाखवलाही नाही. जवळ बसायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

सज्जातून पाहताना तिच्या ध्यानात आली ती खिडकीजवळची खुर्ची. तिला फीत नव्हती, उजेड छान होता, तरी तिथे कुणी बसत नव्हतं. शेजारच्या जागाही ओस. एक मुलगी पुस्तक वाचतच चालत आली, खुर्चीपासून पिवळ्या गोलाइतक्या अंतरावर थबकली, मान किंचित लववून "सॉरी" पुटपुटली आणि वळसा घालून गेली. रोज येणारे एक निवृत्त पोस्टमास्तर जवळपास बसले खरे, पण त्या खुर्चीकडे पाहत त्यांनी आपली खुर्ची मागे ओढली.

ती खाली उतरली. "काका, तिथे का नाही बसलात?"

"अहो, ते बसलेत ना." पोस्टमास्तरांनी वळून पाहिलं. "आत्ता तर होते... मघापासून खोकतायत. अशांनी घरी पडून राहावं, दुसऱ्याच्या जिवाला घोर कशाला?"

दुपार कलली. कक्ष रिकामा झाला. उन्हाचे लांबट तुकडे फरशीवरून सरकत होते. ती त्या खुर्चीच्या शेजारी जाऊन बसली.

खुर्ची हलली. सावकाश, लाकडाचा बारीकसा आवाज करत लांब गेली आणि थांबली. तिने आपली खुर्ची पुढे घेतली. ती रिकामी खुर्ची पुन्हा तेवढीच मागे गेली.

तिला भीती वाटायला हवी होती. आलं ते हसू. रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला गाडी उभी करणारा माणूस तो!

"अरे, पुरे ना आता..." ती हळूच म्हणाली.

उत्तरादाखल एक कोरडा खोकला आला. लांबून.

मग रोजच्या दुपारी तशाच सरू लागल्या. फुल्या मारायच्या, खाली यायचं, मधे अंतर ठेवून बसायचं. कधी ती बोलायची, कधी डोळे मिटून नुसती ऊन अंगावर घ्यायची. बाहेर आलं की आत झोपून उठल्यासारखं वाटायचं.

आणि एके दिवशी नियम उठल्याचा आदेश आला. शिपाई पत्र्याने पिवळे गोल खरवडू लागला. ग्रंथपालने मास्क ओढून काढला आणि तिला करकचून मिठी मारली. "सुटलो गं बाई एकदाचे! आता तुझं ते संशोधनही बुडालं."

ती हसली. मास्क पर्समध्ये टाकून खिडकीपाशी गेली. इतके दिवस वाट पाहिली, आणि आज पहिल्यांदाच तिला वाटलं, त्याला जवळ बोलवायला हवं का? जो येईल तो कसा असेल... त्या गाडीत चढला तसा, की त्यानंतरचा?

पण ती बोलून गेली. "उठला नियम."

खोकला आला नाही. खुर्चीही हलली नाही. मागे पोस्टमास्तरांनी आपली खुर्ची दूर ओढल्याचा आवाज तेवढा झाला.

तिच्या चष्म्यावर धुकं धरलं. मास्कच्या सवयीने तिने चष्मा काढला, रुमालाने काचा आतून पुसल्या, परत घातला. धुकं तसंच. मग आठवलं, तोंडावर मास्क नाही. तिने बोट लावून पाहिलं. काचा आतून कोरड्या होत्या. बाहेरून ओलसर.

धुकं विरत होतं आणि पुन्हा धरत होतं. विरत होतं, पुन्हा धरत होतं...

तिने आपला श्वास रोखून पाहिला. धुकं थांबलं नाही.