अदमासने गाळलेला आवाज

इंदूआजी गेल्याची बातमी दवाखान्यातून आली, त्या सकाळीही अदमासने नेहमीसारखा आकडा सांगितला. "निशिगंधा पुढच्या सामन्यात दहापैकी आठ फटके अडवेल."

अदमास म्हणजे त्र्यंबकआजोबांनी नातीच्या हॉकी संघासाठी बनवलेला यंत्रमानव. मैदानाच्या कडेला उभा राहून तो प्रत्येक फटक्याची नोंद घ्यायचा आणि पुढचा अंदाज बांधायचा. ही नात निशिगंधा, म्हणजे निशू, संघाची गोलरक्षक. तिच्या बाबतीत तो क्वचितच चुकायचा.

आजीनंतरच्या पहिल्याच सामन्यात मात्र निशूने गोलामागून गोल खाल्ले. दुसऱ्या सामन्यातही तेच. अदमास आता "दहापैकी तीन" म्हणू लागला. निशूने पॅड काढून कोपऱ्यात फेकले.

"शनिवारी मी खेळणार नाही. अदमास सांगतोय ना, मी संपले!"

"त्याचं काय ऐकतेस? मी बनवलंय त्याला."

"म्हणून तर ऐकते!"

आजोबांनी अदमासला जुन्या सामन्यांचं चित्रण दाखवायला सांगितलं. पडद्यावर निशू गोलपाशी उभी होती. समोरून चेंडू आला, आणि जाळीमागून हाक ऐकू आली, "निशे, डावीकडं बघ! झोपलीस का गं?"

आजोबांनी चित्रण थांबवलं. त्यांनी विचारलं, "अदमास, हा आवाज तू हिशेबात धरला होतास?"

"नाही. गोंगाट (मोजायच्या गोष्टीत मिसळलेला नको असलेला भाग) समजून मी तो गाळला."

निशू जवळ येऊन बसली. "आजी प्रत्येक सामन्याला तिथेच असायची."

"तेच तर. दहापैकी आठ ही तुझी सरासरी (सगळे मिळून किती अडवले, ते दर दहा फटक्यांमागे वाटून आलेला आकडा). ती खोटी नव्हती, पण ती तुम्हा दोघींची होती. अदमासने ती तुझ्या एकटीच्या नावावर मांडली. काल होतं तसंच उद्या असेल, असं धरून आकडे चालतात. मध्ये काय बदललं ते मोजलंच नसेल, तर त्यांना ते कळायचं कसं?"

"मग तीन खोटं?"

"तेही खरंच. पण ते दोनच सामन्यांचं, आणि तेही रडून सुजलेल्या डोळ्यांनी खेळलेल्या. एवढ्यावरून कुणी संपत नाही, बाळा." आजोबांनी कोपऱ्यातल्या पॅडकडे बोट दाखवलं. "चल, घाल ते पॅड."

मैदानावर अदमास समोरून चेंडू मारू लागला. आजोबा जाळीमागे उभे राहिले.

"उजवीकडं!"

"आजोबा, चेंडू जाऊन चहा पिऊन आला!" निशू कितीतरी दिवसांनी हसली. पुढचा चेंडू तिने हाकेची वाट न बघताच अडवला.

"अदमास, शनिवारचं काय?" आजोबांनी विचारलं.

"तीन ते आठच्या मध्ये कुठेतरी. याहून नेमकं मला माहीत नाही."

"आता शिकलास!"

निशू शनिवारी खेळणार आहे. जुन्या चित्रणांतल्या आजीच्या सगळ्या हाका अदमासने वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. आजोबांनी त्या अजून ऐकलेल्या नाहीत.