चार नंबर खोलीतलं दहावं कार्ड

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जे मोजता येत नाही, ते लिहायची मला सवय नाही. तरी हे लिहिते आहे. घडलं तेव्हा भर दुपार होती, मी पूर्ण जागी होते आणि वेळ मी घड्याळात बघून वहीत टिपत होते.

१४ मार्च २०२३, मंगळवार. धुळ्यातलं देवपूर. दुपारचे तीन.

रुग्णालयाचं नाव देत नाही.

तिथे खोल्या निर्जंतुक करायला अतिनील दिव्याचं यंत्र आहे. माणसाएवढा खांब, खाली चाकं. रुग्ण गेला की खोली रिकामी करायची, दार लावायचं आणि वीस मिनिटं दिवा चालू ठेवायचा. आत काही हललं तर दिवा आपोआप बंद होतो, कारण तो प्रकाश डोळ्यांना आणि कातडीला वाईट.

त्या दिव्याची एक अडचण आहे. जिथे सावली पडते, तिथले जंतू जिवंत राहतात.

सल्लागार म्हणून तिथलं माझं काम ही सावली कमी करण्याचं. मी ठरवून दिलं होतं, दिवा एकदा दाराकडून लावायचा आणि एकदा खिडकीकडून. प्रकाश पोचतो की नाही ते कळायला खोलीत दहा जागी चिमट्याने छोटी, क्रमांक घातलेली कार्डं लावायची. कार्ड मुळात पिवळं असतं. पुरेसा प्रकाश पडला की गुलाबी होतं.

कार्डं लावायची नूतन. ती तिथली मुख्य परिचारिका, आणि माझी चौदा वर्षांची मैत्रीण. जळगावला वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. मला टायफॉइड झाला तेव्हा अकरा दिवस तिनेच मला भरवलं होतं.

दर शनिवारी ती कार्डांचं पाकीट माझ्या हातात द्यायची.

सगळी गुलाबी.

मी ते आकडे माझ्या अहवालात लिहायचे आणि रुग्णालयाच्या सभेत वाचून दाखवायचे.

जानेवारीत चार नंबर खोलीत मोतीबाई आल्या. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. खुब्याचं हाड मोडलं होतं. हातात जाड चांदीची कडी, अंगठे शेतकामाने रुंद झालेले. घंटीचं बटण दाबायला त्यांना संकोच वाटायचा. काही हवं असलं की त्या कडं पलंगाच्या कठड्यावर वाजवायच्या. दोनदा. मग थांबायच्या.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी खोलीत होते. त्यांनी कोपऱ्यात बंद उभ्या दिव्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "ताई, बठ्ठं साफ शे ना?"

"हो, आजी, सगळं साफ आहे. निर्धास्त झोपा."

हे मी म्हणाले. मीच.

नवव्या दिवशी जखम चिघळली. सतराव्या दिवशी त्या गेल्या.

रुग्णालयाने माझ्याकडून पत्र मागितलं. मी कार्डं पुन्हा पाहिली. सगळी गुलाबी. मी लिहून दिलं की संसर्ग खोलीतून झाल्याचं दिसत नाही. ते पत्र नूतनने मोतीबाईंच्या मुलाला, करमसिंगला, वाचून दाखवलं. मग म्हणाली, तुमच्या बायकोनेच घाणेरड्या हाताने जखमेला हात लावला असेल.

गावी गेल्यावर करमसिंगने सुनिताला, आपल्या बायकोला, माहेरी नेऊन सोडलं. हे मला फेब्रुवारीत कळलं. मला वाईट वाटलं. पण पत्र बरोबर आहे, असंच मी समजत होते.

मार्चमध्ये मला भिंतीवर चकचकीत पत्रा लावून बघायचा होता, म्हणजे प्रकाश उलटून पलंगामागे जाईल. नूतन लग्नासाठी जळगावला गेली होती. म्हणून पहिल्यांदाच कार्डं मी स्वतः लावली.

दहावं कार्ड खिडकीकडच्या कठड्याला.

खोलीत फक्त पलंग, यंत्र आणि भिंतीवरचा पत्रा. पडदा काढलेला, पंखा बंद. खिडकीला आतून कडी. मी दार लावलं. दाराला काच आहे. साध्या काचेतून तो प्रकाश बाहेर येत नाही, म्हणून बघायला हरकत नसते.

तीन वाजून सात मिनिटांनी दिवा लागला.

चौथ्या मिनिटाला... बंद.

यंत्रावर अक्षरं आली : हालचाल.

मी आत गेले. कुणी नव्हतं. पाल नाही, पाखरू नाही.

पुन्हा दार लावलं. पुन्हा दिवा.

यावेळी मी काचेला डोळे लावून उभी राहिले. खोली निळसर. काहीच हलत नव्हतं. मी घड्याळाकडे बघितलं, चौथं मिनिट लागत होतं...

टक्. टक्.

लोखंडावर धातू.

दिवा बंद.

मी वॉर्डात विचारलं, कुणी काही वाजवलं का. कुणीच नाही. शेजारची खोली रिकामी होती.

तिसऱ्या वेळी दिवा पूर्ण चालला. दाराकडून वीस, मग खिडकीकडून वीस. काही वाजलं नाही. ती शांतता मला जास्त जड गेली. कुणीतरी वाट बघत असल्यासारखी.

मी कार्डं काढली.

सगळी गुलाबी. पण प्रत्येकावर, चिमट्याने जिथे धरलं होतं तिथे, एक बारीक पिवळी पट्टी राहिली होती. साहजिकच. चिमट्याखाली प्रकाश जात नाही.

मी ती पट्टी पहिल्यांदाच लक्ष देऊन बघत होते.

तीन महिने दर शनिवारी कार्डं हातात घेतली होती... दाराकडच्या कार्डांवर अशी पट्टी असायची, खिडकीकडच्या कार्डांवर कधीच नव्हती.

मग मी दहावं कार्ड डोळ्यांजवळ धरलं. त्यावर चिमट्याची पट्टी होती. आणि तिच्या शेजारी आणखी एक पिवळी जागा.

गोलसर. अंगठ्याएवढी.

दिवा चालू असताना बंद खोलीत कुणीतरी ते कार्ड धरून ठेवलं होतं.

मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला. ती जागा माझ्या अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी उरत होती.

घरी येऊन मी जुनी पाकिटं उघडली. चार नंबर खोली, खिडकीकडची कार्डं, सगळी काठापासून काठापर्यंत गुलाबी. पट्टी एकावरही नाही. ती कठड्याला कधी लावलीच नव्हती. कुठेतरी दिव्यासमोर सपाट ठेवून भाजली होती, पापडासारखी.

मी फक्त रंग बघत आले होते.

गुरुवारी नूतन आली. मी दोन कार्डं तिच्यासमोर ठेवली. तिने नाकारलं नाही. म्हणाली, खिडकीकडून दिवा लावायचा तर पलंग सरकवा, आणखी वीस मिनिटं थांबा, बाहेर रुग्ण खोळंबलेले. कोण करणार?

"मला सांगायचं होतंस," मी म्हणाले.

"तुला गुलाबी कार्डं हवी होती. मी दिली. सभेत टाळ्या घेताना विचारलंस का कधी, कशी आली म्हणून?"

"आणि सुनिता?"

"अगं, कुणावर तरी जाणारच होतं." तिने डबा उघडला आणि नेहमीसारखा माझ्याकडे सरकवला. "तुझ्यावर येऊ नये म्हणून तर तिचं नाव घेतलं."

त्या डब्यातलं मी चौदा वर्षं खाल्लं होतं.

मी दुसरं पत्र लिहिलं. पहिलं चुकलं, खोली साफ नव्हती, असं स्पष्ट. रुग्णालयाने ते ठेवून घेतलं आणि माझं तिथलं काम थांबवलं. एक प्रत घेऊन मी करमसिंगला गाठलं आणि त्याच्याबरोबर सुनिताच्या माहेरी गेले. अंगणात उभी राहून पत्र वाचलं. करमसिंग मान खाली घालून ऐकत होता.

सुनिता त्याच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"मी हात धोयेल व्हतात, ताई," एवढंच म्हणाली. आणि घरात गेली.

ती परत नांदायला गेली की नाही, मला माहीत नाही. विचारायचा हक्क मला नाही.

दहावं कार्ड माझ्याकडे आहे. एकदा मी ते कॉलेजच्या दिव्याखाली मोकळं ठेवलं, चाळीस मिनिटं. चिमट्याची पट्टी गुलाबी झाली. अंगठ्याची जागा झाली नाही. कार्डात दोष असेल. मी तसं वहीत लिहून ठेवलं आहे.

हे इथेच थांबलं असतं.

गेल्या महिन्यात, दुपारी तीन वाजून अकरा मिनिटांनी, नूतनचा संदेश आला. दोन वर्षांत पहिला. एक फोटो. चार नंबर खोलीतली दहा कार्डं, ओळीने मांडलेली. दहाही गुलाबी, दहांवरही चिमट्याची पट्टी. आता ती नीट लावते आहे.

आणि दहांवरही, पट्टीच्या शेजारी... एक रुंद पिवळा अंगठा.

खाली तिने लिहिलं होतं, "हे तूच करतेस ना? सांग ना, तूच करतेस ना?"

मी त्या रुग्णालयाची पायरी चढून दोन वर्षं झाली होती.

नाही, मी करत नाही, असं लिहिलं की तिला खरं काय ते कळेल. हो लिहिलं, तर ती निर्धास्त झोपेल.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.