आज बुटांचं काय?

बूट काढायचे की पायातच ठेवायचे, हे त्या विमानतळावर तपासणी करणाऱ्यांनासुद्धा नक्की माहीत नव्हतं. एक नंबरच्या रांगेत मिशीवाला शिपाई असला की भल्याभल्यांचे बूट उतरायचे. तोच माणूस दुसऱ्या दिवशी तीन नंबरला आला, की तिथलं मशीन नवं म्हणून हात हलवून सगळ्यांना बुटांसकट पुढे सोडायचा. आणि बाहेर पाऊस असला, तर चिखल बेल्टवर नको म्हणून नियम आणखीनच तिसरा.

त्या सोमवारी सकाळी पाऊस होता, पण मिशीवाल्याच्या मनात काय आलं कोण जाणे. एक नंबरच्या रांगेत एक उंच, किडकिडीत माणूस लंगडी घालत बुटाची ओली गाठ सोडवत होता. बूट एकदाचा निघाला आणि मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आला. त्याने दचकून आजूबाजूला पाहिलं... आणि मधली दोन नंबरची रांग बंद असल्याने अगदी शेजारी आलेल्या तीन नंबरच्या रांगेतली एक तरुणी नेमकी तिथेच बघत होती.

"तुम्हाला नाही का सांगितलं काढायला?" त्याने विचारलं.

"मी तीन नंबरला आहे."

"म्हणजे तीन नंबरवाल्यांचे पाय जास्त सज्जन?"

"पायांचं माहीत नाही. मोजे तरी धड असतात."

तो हसला. अंगठा त्याने दुसऱ्या पायाखाली लपवला, पण हसू काही लपवलं नाही. तेवढ्यात तिची बॅग मशीनमध्ये शिरली, त्याची नजर सहज ऑपरेटरच्या पडद्याकडे गेली आणि तो एकाएकी गप्प झाला. तिला वाटलं, आपण मोज्यांवरून जरा जास्तच बोललो.

खरं तर तिच्या तोंडी असली थट्टा शोभत नव्हती, आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड होता. लहानपणच्या आजारपणातून ती उठली, पाय तेवढा मागे राहिला. उजव्या बुटाच्या आत जाड तळ बसवून घेतला की चाल अगदी सरळ पडायची, कुणाच्या बापाला कळायचं नाही. बूट काढला की मात्र प्रत्येक पावलाला खांदा खाली जायचा. कॉलेजात तिला आवडणाऱ्या एका मुलाने मित्रांसमोर तिच्या चालीची नक्कल केली होती. ती खांबामागे उभी होती, तिने सगळं पाहिलं होतं. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. आई म्हणायची, "अगं, एकदा सांगून टाक सगळ्यांना, मोकळी होशील." आईला म्हणायला काय जातं?

ती लिफ्टची तपासनीस होती. गावोगावच्या इमारतींत जाऊन लिफ्टच्या टपावर चढायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचे, आणि पोटात न ठेवता खरंखोटं लिहायचं, हे तिचं काम. आठवड्याला दोन विमानं ठरलेली. त्यामुळे कुठल्या विमानतळावर, कुठल्या रांगेत, कुणाच्या पाळीला बूट काढावे लागत नाहीत, हे तिला तोंडपाठ होतं. चुकून अडवलंच, तर भांडायचं. 'शेजारच्या रांगेत तर काढायला सांगत नाहीत!' असं खणखणीत आवाजात म्हटलं की निम्मे शिपाई गोंधळतात, आणि उरलेले कंटाळून सोडून देतात.

पुढच्या सोमवारी तो तीन नंबरच्या रांगेत तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"आज बुटांचं काय?" त्याने विचारलं. एखाद्याने आज पाऊस आहे का विचारावं, तसं.

"इथे माफी. एक नंबरला शिक्षा."

"बरं झालं विचारलं. आज मोजे धड आहेत, पण उगाच कशाला मिरवायचे?"

त्याचं काम इस्पितळातली एक्स-रे मशीनं दुरुस्त करण्याचं. ती त्याला 'एक्स-रेवाले' म्हणू लागली, तो तिला 'लिफ्टवाल्या बाई'. मग कॉफी आली, मग एकाच बिस्किटाचे दोन तुकडे आले, आणि हळूहळू सोमवारची सकाळ तिला रविवारपेक्षा आवडू लागली. तो बोलताना चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघायचा... तेव्हा तिला कपातली कॉफी गोड की कडू तेही कळायचं नाही. ती प्रेमात पडली होती, आणि त्याच वेळी घाबरलीही होती. सोमवारी भेटणारी ही मुलगी सरळ चालणारी होती. तो तिच्यावर भाळला होता. खरी कुठे दिसली होती त्याला?

मग एकदा दोघांनाही एकाच शहरात काम निघालं.

"येताना एकत्र येऊ," तो म्हणाला. "तिकिटं मी काढलीत. खिडकी तुम्हाला."

तिला आनंद व्हायला हवा होता, वाटली ती धास्ती. त्या शहरातल्या विमानतळावर बहुतेक दिवस जवळजवळ सगळ्याच रांगांत बूट काढायला लावत. म्हणून तिथून ती नेहमी आगगाडीने परतायची. अख्खा दिवस मोडायचा, पाठ मोडायची, पण बूट पायात राहायचे. "तुम्हाला गाडी फार आवडते ना?" त्याने एकदा विचारलं होतं, आणि तिने "खूप," म्हणून ठोकून दिलं होतं. आता नाही म्हणावं, तर कारण काय सांगायचं? ती हो म्हणाली.

त्या संध्याकाळी रांग लांबलचक होती. तो पुढे, ती मागे. त्याने मुकाट्याने बूट काढले, ट्रेमध्ये ठेवले, आणि चौकटीतून पलीकडे गेला. तिची पाळी आली. तपासणीला एक तरुण मुलगी होती, गणवेशाच्या घड्यासुद्धा अजून नव्या.

"मॅडम, बूट काढून ट्रेमध्ये ठेवा."

"शेजारच्या रांगेत तर काढत नाहीयेत."

"तिकडचं मशीन वेगळं आहे, मॅडम."

"म्हणजे माणसागणिक नियम बदलतो का तुमचा? गेल्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं." गेली वेळ मुळात नव्हतीच. मागची माणसं चुळबुळू लागली. तिने पलीकडे पाहिलं. तो बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता आणि इकडेच बघत होता.

त्या मुलीची नजर एकदा तिच्या उजव्या बुटावर गेली. मग ती जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तिकडे पडद्यामागे खुर्ची आहे. तिथे बसून काढा हवं तर. कुणी बघणार नाही."

ती हे इतकं मऊ बोलली, की तेच हिच्या वर्मी लागलं. म्हणजे या पोरीला कळलं! ज्याला कळू नये म्हणून एवढा आटापिटा, तो चार हातांवर बसलाय, आणि ही पडद्याच्या गोष्टी करतेय. तिचं डोकं सणकलं. शेजारून मुख्य अधिकारी येताना दिसला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ही माझ्याशी उद्धट बोलतेय. सगळ्यांसमोर अपमान करतेय माझा."

अधिकाऱ्याला रांग पुढे सरकायला हवी होती. त्याने त्या मुलीला तिथेच, सगळ्यांदेखत झापलं. "बोलायची पद्धत नसेल तर ट्रे उचला," म्हणाला, आणि तिला मशीनवरून काढून दुसऱ्या टोकाला पाठवलं. मुलगी गेली आणि ट्रे रचू लागली. तिचे कान लाल झाले होते. मग अधिकाऱ्याने हिच्या बुटांवरून हातातलं यंत्र उगीच फिरवल्यासारखं केलं आणि हिला बुटांसकट पुढे सोडलं.

ती जिंकली होती. सरळ, खांदा न झुकवता, ती त्याच्यापर्यंत चालत गेली. त्याने तिची बॅग उचलून दिली आणि पुढे चालू लागला.

विमानाच्या फाटकापाशी दोघं शेजारी बसले. काचेवर पावसाचे ओघळ उतरत होते. एरवी त्याने यावर चार विनोद केले असते. ती वाट बघत राहिली. शेवटी तिलाच राहवेना.

"काही विचारायचं नाही तुम्हाला?"

"खरं सांगाल?"

तिने मान डोलावली.

"ती उद्धट बोलली होती?"

"...नाही."

"मला तिचे शब्द ऐकू नाही आले. पण तिचा चेहरा दिसत होता."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. इतकी वर्षं ती ज्याला लाज समजत होती, ती या लाजेपुढे काहीच नव्हती. लिफ्टचा दोर झिजला असेल तर मालकाच्या तोंडावर झिजला म्हणून सांगणारी ती, आणि आज एका परक्या मुलीवर धडधडीत आळ घेऊन मोकळी झाली होती. खांबामागे उभं राहून रडलेली मुलगी तिला आठवली. त्या मुलाने निदान खोटं तरी सांगितलं नव्हतं.

"माझा उजवा पाय आखूड आहे," ती खाली मान घालून म्हणाली. "बूट काढला की मी लंगडते. तुम्ही बघू नये म्हणून मी..."

"माहीत आहे मला."

तिने झटकन वर पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. चष्मा त्याच्या हातात होता. "तुमच्या बॅगेत सपाता होत्या. एकीचा तळ पातळ, एकीचा जाड. त्या पडद्याकडे प्रवाशांनी बघायचं नसतं, पण माझा धंदाच तो, नजर जाते. तुम्ही नुकतंच मोज्यांवरून मला एवढं बोलला होतात, म्हणून मनात आलं होतं, सांगावं. मग म्हटलं, नको. ज्या दिवशी स्वतःहून दाखवाल, त्या दिवशी बघू."

"आणि तरी दर सोमवारी तीन नंबरला येऊन उभे राहिलात?"

"तरी काय, तरी? मला तुम्ही आवडता." हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं की तिला आधी कळलंच नाही. मग तो थांबला. "आज मात्र... आज जे झालं, ते नाही आवडलं मला."

एवढ्या दिवसांत जे ऐकण्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता, ते तिने ऐकलं, आणि ते असं, पुढच्या वाक्यासकट. तिने खाली वाकून नाड्या सोडायला घेतल्या. आधी डावा बूट, मग उजवा. दोन्ही हातात धरून ती उठली.

लादी गार होती. तपासणीच्या जागेपर्यंतची वाट सरळ आणि उजेडातली होती, दोन्ही बाजूंना माणसं बसलेली. पावलागणिक खांदा खाली जात होता. एका लहान मुलाने बोट दाखवलं, त्याच्या आईने ते खाली दाबलं. तिचे कान जळत होते. मघाशी त्या मुलीचे असेच जळले असतील, असं मनाशी म्हणत ती चालत राहिली.

अधिकारी तिच्याकडे बघतच राहिला.

"मी मघाशी खोटं बोलले," ती म्हणाली. आवाज खणखणीतच होता, ती सवय तेवढी कामाला आली. "त्या बाई नीट बोलल्या होत्या. चांगुलपणाने बोलल्या होत्या. बूट तेवढे तपासून घ्या, आणि त्यांना त्यांच्या जागेवर परत बोलवा."

मुलगी आली. हिने तिची माफी मागितली, जशी जमली तशी, अडखळत. मुलीने ऐकून घेतलं. ती हसली नाही, असू दे असंही म्हणाली नाही. तिने बूट मशीनमधून घातले, हातातलं यंत्र हिच्या मोज्यांवरून सावकाश फिरवलं आणि म्हणाली, "झालं, मॅडम. जाऊ शकता." मग ती मशीनपाशी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. याहून जास्त हिला मिळायला नकोच होतं.

ती वळली, तर तो थोड्या अंतरावर दोघांच्या बॅगा घेऊन उभा होता. किती पाहिलं असेल याने? सगळंच पाहिलं असणार. ती तशीच, खांदा झुकवत, त्याच्यासमोर येऊन थांबली.

"बघितलंत?"

"बघितलं."

"मग?"

"मग काय," तो म्हणाला. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवायला त्याला जरा वेळ लागला. "खिडकी तुझीच आहे. चल, नाहीतर विमान जाईल."

त्याने दोन्ही बॅगा एका खांद्यावर घेतल्या आणि दुसरा हात पुढे केला. तिने तो धरला. तो आपली लांब पावलं आखडती घेत तिच्या चालीने चालू लागला, पहिल्यांदा चुकला, मग त्याला जमलं. फाटकावरची शेवटची हाक झाली होती. बसलेली माणसं पुन्हा बघत होती आणि तिला अजूनही लाज वाटत होती, पुष्कळ वाटत होती.

"आज बुटांचं काय?" त्याने हळूच विचारलं.

"विमानापर्यंत हातातच राहू देत," ती म्हणाली.